हात उचलण्यापूर्वी

उभ्या माणसाने फडताळावरील डबा घेण्यासाठी झटकन हात उचलला, की त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सरकतो व धडाला हिसका बसतो. तोल ढळण्याची वाट न पाहता मज्जासंस्था आधीच त्याची तजवीज करते. १९६७ साली बेलेंकी, गुरफिंकेल व पाल्त्सेव या सोव्हिएत संशोधकांनी दाखवून दिले, की खांद्याच्या स्नायूपूर्वीच पायांचे व धडाचे काही स्नायू कार्यरत होतात. ऑस्ट्रेलियात हॉजेस व रिचर्डसन यांना १९९६ साली पोटाच्या सर्वांत आतील आडव्या स्नायूबाबतही हेच आढळले. मात्र कंबरदुखीने वारंवार पीडलेल्या व्यक्तींमध्ये तो स्नायू उशिरा आकुंचन पावत होता. हा विलंब दुखण्याचे कारण आहे की परिणाम, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.