चाकाचा कुलपी बोल्ट

मोटारीचे चाक चार-पाच बोल्टांनी बसवलेले असते. काही गाड्यांत त्यांतला एक वेगळा असतो. त्याच्या डोक्याला खाचा असतात. त्यांत बसणारी खास चावी असेल तरच तो फिरतो. चाक चोरीला जाऊ नये म्हणून ही युक्ती.

पण खाचा झिजल्या तर? मग चोर राहिला बाजूला, मालकालाच चाक काढता येत नाही! गडहिंग्लजहून आजऱ्यावरून आंबोलीला निघालात आणि घाटात भर पावसात चाक बसले, तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

असा बोल्ट नुसत्या जोराने निघत नाही. पाना घसरतो, डोके आणखी गुळगुळीत होते. त्याला पकड हवी. गाडी सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅक एवढ्यात लावू नका. चाक जमिनीला टेकलेले असले म्हणजे फिरत नाही, आणि गाडी अंगावर येत नाही. डोक्याहून किंचित लहान गोटी पाना हातोड्याने ठोकून घट्ट बसवा. ठोकताना डोळ्यांना चष्मा हवाच, कपची उडते. मग लांब दांड्याने सावकाश डावीकडे फिरवा. सैल झाला की जॅक लावा.

काही जण बोल्ट तापवतात. ते करू नका. आच टायरला लागते, टायर फुटून माणूस दगावतो. पाना बसतच नसेल तर मिस्त्रीला बोलवा. तो बोल्ट पोखरून काढील.

निघालेला बोल्ट परत लावू नये. त्याच मापाचा, तेवढ्याच लांबीचा साधा बोल्ट बसवावा. बहुधा बाकीच्या चाकांवरही कुलपी बोल्ट असतात, म्हणून चावी घरच्या फडताळात नको, गाडीतच ठेवा.