काळ्या फरशीवरचा रुग्ण

परदेशी स्थायिक झालेली मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानात अलीकडे एक चपटे, वाटोळे यंत्र असण्याचा संभव फार. आईवडिलांना या वयात वाकून केर काढावा लागू नये, म्हणून आणलेला हा झाडणारा यंत्रमानव. अमेरिकेतील आयरोबोट कंपनीने २००२ साली ‘रूंबा’ बाजारात आणला. त्यानंतर त्याची असंख्य भावंडे जन्मली. मुले परत जातात, यंत्र मागे राहते आणि काही दिवसांनी आजारी पडते. मग फोन येतो तो शेजारच्या डॉक्टरांना. डॉक्टर म्हटला की त्याला सगळीच दुखणी कळतात, ही आपल्या समाजाची जुनी श्रद्धा आहे.

गंमत अशी, की या रुग्णाच्या बाबतीत ती श्रद्धा अगदीच अनाठायी नाही. इतिहास विचारणे, बाहेरून पाहणे, हाताने चाचपणे आणि एकाच लक्षणामागची निरनिराळी कारणे वेगळी करणे एवढेच येथे करावयाचे असते.

यंत्राची ज्ञानेंद्रिये मोजकी. पुढच्या अर्धवर्तुळाकार बंपरमागे स्पर्श कळवणारे सेन्सर असतात. चाकांच्या फेऱ्या मोजल्या जातात. चाक खाली लोंबकळले की ‘मला कोणी उचलले’ हे कळते. महागड्या यंत्रांच्या डोक्यावर लेझर गरगर फिरत असतो व खोलीचा नकाशा काढतो; आरसे आणि काचेची दारे मात्र त्याला चकवतात. परंतु सर्वांत मनोरंजक इंद्रिय पोटाशी, पुढच्या कडेला असते. इंग्रजीत त्याला क्लिफ सेन्सर म्हणतात. आपण त्याला कडा ओळखणारा डोळा म्हणू.

या डोळ्यातून अवरक्त प्रकाश खाली फरशीवर पडतो आणि शेजारचा ग्राहक परावर्तित प्रकाश टिपतो. जिन्याच्या तोंडाशी प्रकाश परतत नाही. यंत्र थांबते, मागे सरते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ यंत्रांत हा डोळा खोली मोजत नाही. पुरेसा प्रकाश परत आला की नाही, एवढेच तो जाणतो. त्यामुळे समोर खरा जिना असो, काचेवर धुळीचा थर असो वा प्रकाश शोषून घेणारी काळी फरशी असो, यंत्राचे उत्तर एकच : पुढे दरी आहे!

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, दुखणे सगळ्या खोल्यांत आहे की एकाच? यंत्र फिकट, गुळगुळीत फरशीच्या खोलीत नेऊन सोडावे. तेथे ते सुरळीत चालले तर डोळे शाबूत आहेत, दोष फरशीचा. तेथेही ते मागे मागे सरू लागले, तर बंद करून उलटे करावे आणि सर्व काचा कोरड्या मऊ कापडाने वा कापसाच्या काडीने पुसाव्यात. (आपल्या व्यवसायबंधूंचा हात येथे सवयीने स्पिरिटकडे जातो. तो आवरावा; काही प्रकारचे प्लॅस्टिक त्याने धुरकटते.) तरीही गुण न आला तर बंपर बोटांनी सर्व बाजूंनी दाबून सोडावा. खडा अडकून तो दबलेलाच राहिला, तर यंत्राला सतत भिंत लागल्याचा भास होतो. चाकांच्या आसाभोवती केसांचे वेटोळे आहे का, तेही पाहावे. कडक ऊन थेट पडत असेल तर पडदा ओढून पुन्हा तपासावे. उन्हातही अवरक्त किरण असतातच.

आता एक गंभीर गोष्ट. बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला एका परिचित वृद्ध दांपत्याच्या माडीवर जुनी, घोटून काळीभोर झालेली कडप्प्याची फरशी आहे. यंत्र तेथे पाऊल टाकीना. कोणा हुशार कारागिराने पोटाखालच्या डोळ्यांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून दिले. कागदावरून प्रकाश नेहमीच परतणार, तेव्हा यंत्र खुशीत धावू लागले. तिसऱ्या दिवशी ते जिन्यावरून गडगडत खाली आले. काकू तेव्हा खालच्या पायरीवर होत्या. कठड्याला हात होता म्हणून सावरल्या. ऐंशीच्या घरातील स्त्रीचे खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नलगे. डोळ्यांवर कागद लावून यंत्र ‘बरे’ करणे हा उपचार नव्हे, धोक्याची घंटा काढून टाकणे आहे. तेवढी काळी खोली हाताने झाडावी. जिन्याच्या तोंडाशी फळी तर लावावीच.

आपल्या दवाखान्यातील एक उपकरणही या डोळ्याचे सख्खे नातलग आहे. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ज्या तत्त्वाची मांडणी केली, त्यावर चालणारा पल्स ऑक्सिमीटर बोटातून लाल व अवरक्त प्रकाश पाठवतो आणि पलीकडे किती पोहोचला, यावरून रक्तातील प्राणवायूचा अंदाज बांधतो. गार पडलेली बोटे, गडद नखरंग, भगभगीत दिवा यांनी तो फसतो, हे आपण जाणतोच. २०२० च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शोडिंग व सहकाऱ्यांनी त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली असल्याचे प्रसंग गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. काळ्या फरशीवर यंत्रमानव नसलेला धोका पाहतो. येथे उलट, असलेला धोका दिसतच नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या सूचनांचा मसुदा काढून या उपकरणांची चाचणी विविध त्वचावर्णांच्या अधिक व्यक्तींवर व्हावी, असे सुचवले. तोवर, रुग्ण धापा टाकीत असेल आणि आकडा ९४ दाखवत असेल, तर धमनीतील रक्त तपासण्यास पाठवणे हेच आपल्या हाती. माझ्या दवाखान्यातील ऑक्सिमीटरचे खोके मी मुद्दाम काढून वाचले. कोणत्या वर्णाच्या बोटांवर त्याची पारख झाली, याचा त्यावर कोठेही उल्लेख नाही.