समोर न बसणारा मालक

21 नोव्हेंबर 2025 रोजी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. रुग्णालयातील कामगारांना वाटाघाटीचा हक्क याच कायद्याने दिला होता आणि त्याची सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील दोन कक्षसेविकांच्या नोकरीवरून झाली होती. भरपाई न देता त्यांना कमी करून त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी केलेली माणसे घेण्यात आली, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा ही कामगार संघटना न्यायालयात गेली आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी रुग्णालय हा कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ असल्याचा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने 1970 मध्ये तो फिरवला आणि 1978 मध्ये पुन्हा उचलून धरला. 1982 च्या दुरुस्तीने रुग्णालयांना वगळण्याचे ठरवले, पण ती दुरुस्ती कधी अमलातच आली नाही. पुढची कितीतरी वर्षे मागणीपत्रे, निवेदने आणि द्वारसभांची असून त्यांत रेंगाळण्याजोगे फारसे काही नाही.

करार म्हणजे वेतन, कामाचे तास, रजा आणि मुदत लिहून दोन्ही बाजूंनी सही केलेला, मोडल्यास दाद मागता येणारा दस्तऐवज. मुंबईच्या खासगी रुग्णालयांत असे करार होत आले आहेत. शासकीय रुग्णालयात मात्र कराराची जागा बैठकीच्या इतिवृत्ताने, म्हणजे कोण काय म्हणाले याच्या सरकारी नोंदीने घेतली. आणि इतिवृत्त मोडले तर कोणाकडे जायचे, हे कोणत्याच इतिवृत्तात लिहिलेले नसते. 1979 च्या वर्तणूक नियमांनी सरकारी नोकरांच्या संपाला मज्जाव केला असला, तरी त्याआधीच 1977-78 मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली 54 दिवसांचा संप झालेला होता. त्या वेळी समोर कोण आहे हे संपकऱ्याला नेमके ठाऊक होते.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहिले, म्हणजे गेल्या दशकात काय हरवले ते कळते. 1988 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमेवरील रुग्ण येतात. पण तेथील अधिष्ठात्याला एक कायम पद निर्माण करण्याचाही अधिकार नाही, त्यामुळे वाटाघाटी मंत्रालयात होतात. मे 2022 मध्ये परिचारिकांची पदे बाह्यस्रोताने, म्हणजे खासगी संस्थेकडून माणसे घेऊन भरण्याच्या विरोधात राज्यभर बेमुदत संप झाला. वैद्यकीय शिक्षणमंत्री शेजारच्या लातूरचेच, अमित देशमुख होते. जूनच्या आरंभी आश्वासनावर संप मिटला आणि महिना सरायच्या आत सरकारच गेले. करार असता तर तो नव्या सरकारवरही बंधनकारक राहिला असता. आश्वासन मात्र मंत्र्याबरोबरच खुर्चीवरून उठले.

मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच दिवशी अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक मंजूर करून घेण्यात आले. वाटाघाटीची ही तऱ्हा पाहता सरकारला संवादाची ओढ होती असे म्हणणे अवघड आहे. त्यानंतर 6 सप्टेंबरच्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी केली. त्याच महिन्याच्या अखेरीस विष्णुपुरीत 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात अर्भके होती. 48 तासांत ही संख्या 31 वर गेली. 3 ऑक्टोबरला हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्या चित्रफितीवर पुष्कळ चर्चा झाली. सफाईगारांची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि ती भरण्याचा अधिकार कोणाचा, हा कंटाळवाणा पण खरा प्रश्न मागे पडला. 20 ऑक्टोबरला उपमुख्यमंत्र्यांनी 6 सप्टेंबरचा तो शासन निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले, आणि तेही संघटनेला बोलावून नव्हे, तर मागच्या सरकारांवर खापर फोडत, पत्रकार परिषदेत.

पद्धत मात्र रद्द झाली नाही. जुलै 2025 मध्ये परिचारिका पुन्हा संपावर गेल्या, तेव्हा कंत्राटी भरतीला विरोध हीच एक प्रमुख मागणी होती. कंत्राटी कामगारविषयक 1970 च्या कायद्याने ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याला ‘मुख्य नियोक्ता’ ठरवले होते, आणि कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते या मुख्य नियोक्त्याने चुकते करावे असे सांगितले होते. पण ते वेतन किती असावे हे ठरवण्याच्या बैठकीला त्याने बसलेच पाहिजे, असे बंधन घातले नव्हते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत आस्थापनेच्या हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असणाऱ्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळतो. वरवर ही तरतूद कामगारांच्या सोयीची दिसते. परंतु एकाच कक्षात परिचारिका शासनाच्या हजेरीपटावर, सफाईगार एका कंत्राटदाराच्या आणि सुरक्षारक्षक दुसऱ्याच्या हजेरीपटावर असेल, तर ते 51 टक्के कोणाचे मोजायचे? शिवाय कंत्राटाची मुदत संपली, की माणूस तोच राहतो, झाडू तोच राहतो, हजेरीपटावरचे नियोक्त्याचे नाव तेवढे बदलते, आणि आधीच्या कंत्राटदाराला दिलेले मागणीपत्र नव्या कंत्राटदाराला पहिल्यापासून द्यावे लागते.