विमानात धूर: आधी मास्टर स्विच

सेसना १७२सारख्या चार आसनी विमानात विजेची आग बहुधा आधी नाकाला कळते. जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास येतो आणि पाठोपाठ उपकरणफलकामागून धूर निघू लागतो. जुन्या विमानांतल्या पीव्हीसी आवरणाच्या तारा जळल्या की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो.

वेळ किती असतो? समजा, विमान नालासोपाऱ्यावर आहे. तिथून मुंबईच्या जुहू विमानतळाचे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर आहे. ताशी २०० किलोमीटरने उडणाऱ्या सेसनाला तेवढ्यासाठी दहा मिनिटांहून अधिक लागतात. चिमुकल्या केबिनमध्ये धूर कोंडलेला असताना दहा मिनिटे फार झाली.

म्हणून पहिले काम मास्टर स्विच बंद करण्याचे. बॅटरी आणि अल्टरनेटरचा संबंध तुटला की सदोष तारेला उष्णता पुरवणारा प्रवाहच थांबतो. वीज तोडली तर इंजिनही बंद पडेल, ही नवशिक्यांची भीती इथे अनाठायी आहे. मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर ठिणगी निर्माण करतो, वेगमापक आणि उंचीमापक हवेच्या दाबावर चालतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या डिझेल इंजिनांना मात्र वीज लागते. तिथे त्या विमानाच्या पुस्तिकेतलाच क्रम पाळायचा.

त्यानंतर हवेचे झरोके आणि हीटर बंद करून अग्निशामक वापरायचा. धूर बाहेर घालवण्यासाठी झरोके उघडायचे ते आग विझल्यावरच. आधी उघडले तर ताजी हवा आगीलाच मिळते.

विजेबरोबर रेडिओही गेलेला असल्यामुळे विमानतळाच्या मनोऱ्यावरच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे लागते. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या चालू ठेवणे. सेसनाचे फ्लॅप विजेवर हलतात. ते नसताना विमान जास्त वेगाने उतरते आणि धावपट्टीही जास्त लागते. धूर आटोक्यात येतच नसेल, तर जुहूचा हट्ट सोडावा. नालासोपाऱ्याजवळच्या कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावरची ओहोटीची घट्ट वाळू बरी.

घात मात्र अनेकदा उड्डाणाआधीच, सर्किट ब्रेकरपाशी झालेला असतो. १० जुलै २००७ रोजी फ्लोरिडातल्या सॅनफर्डजवळ सेसना ३१० आर विमान धूर झाल्याचे कळवून वळले आणि घरांवर कोसळले. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे मरण पावले. आदल्याच दिवशी त्या विमानात हवामान रडार बंद पडून जळका वास आला होता. तेव्हाच्या वैमानिकाने रडारचा ब्रेकर ओढताच वास थांबला आणि त्याने तशी नोंदही केली. तरीही दुरुस्ती न करता विमान पुन्हा उडाले. तो ब्रेकर परत दाबला गेला असावा, असे तपासात दिसले. माहीत असलेला दोष तसाच ठेवून विमान उडू देणे, हेच अपघाताचे कारण तपास मंडळाने नोंदवले.