एका गुणाचा निवाडा

कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने आपल्या खेळातील सर्वांत विलक्षण गुणाला, ज्यास तिकडे ‘रूज’ म्हणतात, २०२६ च्या हंगामापासून कात्री लावल्याची बातमी वाचकांच्या नजरेखालून गेली असेलच. खांबांमधून चेंडू मारण्याचा प्रयत्न हुकला, तरी तो चेंडू शेवटचा पट्टा ओलांडून मैदानाबाहेर गेला की मारणाऱ्याच्या खाती एक गुण जमा होत असे. म्हणजे बरोबरीत अडकलेला सामना अखेरच्या क्षणी हुकलेल्या लाथेनेही जिंकता येई. आता बाहेर निघून गेलेल्या चेंडूस गुण नाही. चेंडू हाती येऊनही प्रतिपक्षास तो पट्ट्याबाहेर आणता आला नाही, तरच तो एक गुण कायम राहील. ही दुरुस्ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते, आणि तिचे कारण मला आमच्या चितेगावात, पैठण रस्त्यालगतच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली मुले संध्याकाळी ज्या मातीवर कबड्डी खेळतात, त्या मातीवर सापडले.

कारण विलक्षण गुण आपल्याकडेही आहे. समोर सहा किंवा सात गडी उभे असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवावा, त्याच क्षणी दुसरा पाय अधांतरी असावा आणि दम न सोडता त्याने परतावे, एवढ्यावर एक गुण मिळतो. कोणी बाद होत नाही, आपला बसलेला गडी उठत नाही, तरी फलकावरचा आकडा पुढे सरकतो. मातीच्या मैदानावर हे जवळून पाहिले म्हणजे त्यातले नाट्य समजते. फक्कीची पांढरी रेषा, तिच्या पलीकडे क्षणभर उमटलेला टाचेचा ठसा, मागच्या पायाची जेमतेम बोटभर उचललेली बोटे, आणि त्या बोटांखालून उजेड दिसतो की नाही हे पाहण्यासाठी कमरेत वाकलेला पंच! निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटर. इतक्या आत शिरलेल्या माणसाच्या दोन्ही अंगांना कोपरारक्षक टपलेले असतात. म्हणून हा गुण खैरात नव्हे. जो धोक्याच्या दिशेने एक पाऊल अधिक टाकतो त्याचे ते वेतन आहे. कॅनडातील जुना नियम नेमक्या याच कसोटीस उतरत नव्हता.

हीच दृष्टी ठेवून आपल्या खेळाचे उर्वरित नियम पाहावेत. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरते आणि तिला एक गुण अधिक मिळतो. त्यामुळे लोण चढण्याच्या बेतात आलेला, जवळजवळ संपलेला संघच अधिक कमावण्याच्या स्थितीत येतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, आणि त्यांत निदान रेषाच बोनस रेषा मानली जाते. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सना अंतिम सामन्यात ३७-३६ असे हरविले, ते अवघ्या एका गुणाने.

परंतु नियम विलक्षण असणे निराळे आणि नियम संदिग्ध असणे निराळे. याचा सर्वांत बोलका दाखला हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेचा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असे नमवून सुवर्णपदक घेतले, आणि त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध २८-२८ अशी बरोबरी असताना, जेमतेम मिनिटभराचा अवधी उरला असता, पवन सेहरावत गुण आणलाच पाहिजे अशा चढाईस निघाला. कोणासही स्पर्श न होता तो राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला. म्हणजे तो बाद, यात वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या मागोमाग राखीव क्षेत्रात उतरलेल्या इराणी पकडपटूंचा. जुन्या नियमाप्रमाणे तेही बाद. व्यावसायिक लीगमध्ये रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे केवळ चढाई करणारा बाद. पंचांनी एक निवाडा दिला, मग तो फिरविला, मग पुन्हा फिरविला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, सामना सुमारे तासभर खोळंबला, आणि अखेर भारतास तीन व इराणला एक गुण देऊन खेळ पुढे चालला. भारत ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदक आपले झाले याचा आनंद मलाही आहे. तथापि एकाच खेळाची दोन नियमपुस्तके एकाच मॅटवर भांडत होती, ही गोष्ट त्या आनंदाने झाकली जात नाही.

इराणी बाजूची वेदना आपण विशेषच समजून घेतली पाहिजे. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणच्या मुलींनी भारतास २७-२४ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडची विद्या घेऊन ती बाई परमुलखात गेली, तिथल्या मुलींना तिने पदलालित्य आणि पकड शिकविली, आणि ज्या स्पर्धेत भारताची मक्तेदारी मानली जात होती तिथे ती मोडून दाखविली. १९३६ साली बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीची प्रात्यक्षिके केली, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी हा खेळ देशोदेशी नेण्यासाठी आयुष्य वेचले, ते याचसाठी की परक्यांनीही तो आपला मानावा. परका आपला मानू लागला, की त्यास नियमही आपल्याइतकेच स्वच्छ मिळाले पाहिजेत.

पुन्हा कॅनडाकडे पाहू. तिथल्या त्याच लीगच्या २००९ च्या ग्रे कप अंतिम सामन्यात सस्कॅचेवान २७-२५ असे पुढे असताना माँट्रियलचा शेवटचा फटका हुकला. परंतु सस्कॅचेवानचे बाराऐवजी तेरा गडी मैदानात उभे होते, म्हणून तो फटका पुन्हा, अधिक जवळून घेण्यात आला आणि माँट्रियल २८-२७ असे जिंकले. सस्कॅचेवानच्या लोकांस ते अजून सलते. पण नियमास कोणी दोष देत नाही, कारण बारा म्हणजे बारा, हे दोन्ही बाजूंस आधीपासून ठाऊक होते. हृदयविदारक पराभवही माणूस पचवितो; मात्र तो कोणत्या कायद्याने झाला, हे खेळ सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

म्हणून गावोगावच्या क्रीडा मंडळांस माझी एकच विनंती आहे. स्पर्धेच्या सकाळी, फक्की टाकून झाल्यावर आणि नारळ फोडण्यापूर्वी, दोन्ही संघांस एकत्र बसवून राखीव क्षेत्राचा आणि बोनसचा कोणता नियम लागू राहील, तो पंचांनी मोठ्याने वाचून दाखवावा. त्यास पाच मिनिटे लागतात.