माशांच्या घरात कोळंबीची पिल्ले

गेल्या वर्षी आमच्या मुलांनी फिशटँकमध्ये दहा लाल कोळंब्या आणून सोडल्या. एकेक जेमतेम इंचभर लांब. दादींनी चष्मा सावरत विचारले, ''एवढ्याशा कोळंबीचं कालवण तरी होईल का रे?'' सगळे हसले. काही दिवसांनी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा झुबका दिसला आणि मुले पिल्लांची वाट पाहू लागली. मग एके सकाळी अंडी दिसेनाशी झाली. पिल्लू मात्र एकही सापडले नाही. टँकमधल्या गप्पी माशांनी सगळी फस्त केली होती. धाकटी दिवसभर जेवली नाही.

चूक आमचीच होती. तोंडात मावेल ते मासा खाणारच. दोष माशाचा नव्हता. पिल्लांना लपायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

ही कोळंबी दुकानात 'चेरी श्रिंप' नावाने मिळते. मूळची ती तैवान व चीनकडची. निसर्गात तिचा रंग मातकट असतो. लाल कोळंब्या निवडून त्यांचीच पैदास करत हा रंग मिळवलेला आहे. मादी एका वेळी साधारण वीस ते तीस अंडी पोटाखाली बाळगते, पायांनी सतत वारा घालते आणि तीन-चार आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले जन्मतःच आईसारखी दिसतात, फक्त मुंगीपेक्षाही लहान असतात. त्यांना खाऱ्या पाण्याची गरज नसते. म्हणूनच ही कोळंबी घरच्या टँकमध्ये वाढू शकते.

दुसऱ्या वेळी आम्ही क्रम बदलला. आधी कोळंबी, मग मासे. गप्पींना वेगळ्या भांड्यात हलवले. टँकमध्ये जावा मॉस नावाचे शेवाळासारखे झुडूप दाट वाढू दिले. पिल्ले त्यातच लपतात आणि त्यावरचे बारीक अन्नकण खातात. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवला, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. तीन महिन्यांनी कोळंबीची संख्या वाढली, तेव्हाच मोजके मासे परत सोडले. आजही थोडी पिल्ले खाल्ली जातात, पण पुष्कळशी वाचतात. एंजल, गोल्डफिश किंवा सिक्लिड मात्र सोबत ठेवू नयेत. ते मोठी कोळंबीही सोडत नाहीत.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा टँक पाणी भरून, फिल्टर लावून महिना-दीड महिना चालू द्यावा. घाण पचवणारे जीवाणू तयार झाल्यावरच कोळंबी आणावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावे. आठवड्याला फार तर दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे. तांबे हे कोळंबीला विष आहे. म्हणून तांब्याच्या हंड्यातले पाणी टँकमध्ये ओतू नये आणि माशांचे औषध घेताना त्यात तांबे नाही ना, हे पाहावे. डास मारण्याचा फवारा त्या खोलीत अजिबात मारू नये. उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर गेले तर त्यातला प्राणवायू घटतो. टँकचे झाकण उघडे ठेवून वर छोटा पंखा लावावा.

कधी तळाशी पांढरट, पोकळ कोळंबी पडलेली दिसेल. घाबरू नका, ती टाकलेली कात असते. ती तशीच राहू द्या. कोळंबी ती खाते आणि नव्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम मिळवते.

संख्या फार वाढली, तर जास्तीची कोळंबी विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. परका जीव तिथल्या जिवांना त्रासदायक ठरू शकतो. ज्यांच्याकडे टँक आहे अशा नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना द्यावी.

आता आमच्या घरी खाणे घालायची पाळी धाकटीची असते. चिमूटभरच घालायचे आणि उरलेले काढून घ्यायचे, हे ती शिकली आहे. दादी शेजारी बसून मॉसमध्ये पिल्ले शोधतात. ''माशाअल्लाह, आज सात दिसली,'' असे त्या सांगतात. कालवणाचा विषय पुन्हा निघालेला नाही.