सोयाबीनचा ओलावा न मोजताच १२ टक्के? कॉम्प्युटरच्या ‘डिफॉल्ट’चा घोळ समजून घ्या

कळमना : सोयाबीनची गाडी यार्डात आली की नाव, माल, पोती अशी नोंद होते. कॉम्प्युटरात ही नोंद म्हणजे तक्त्यातली एक ओळ. ती टाकायचा एसक्यूएल भाषेतला हुकूम आहे ‘इन्सर्ट इन्टू’.

समजा, ‘आवक’ नावाच्या तक्त्यात सात रकाने आहेत : नाव, माल, पोती, तारीख, बाजार, चुकारा, ओलावा. हुकमात पहिले तीनच दिले, तर बाकीचे चार कोण भरतं? तक्ता बनवतानाच प्रोग्रॅमरने रकान्याला ‘डिफॉल्ट’, म्हणजे आधीच ठरवलेली नोंद, देऊन ठेवलेली असते. तारखेत त्या क्षणाची तारीख-वेळ, बाजारात ‘कळमना’, चुकाऱ्यात ‘बाकी’ आपोआप पडतं. गाड्यांची रांग लागलेली असताना हे सोयीचंच आहे.

घोळ होतो ओलाव्यात. तिथे कुणी डिफॉल्ट १२ ठेवला, तर मशीन न लावताही ओळीत १२ उमटतो आणि तो मोजल्यासारखाच दिसतो. दहा टक्क्यांवर वाळवून आणलेला माल अन् घाईत आणलेला ओला माल, दोन्ही एकाच भावात! असल्या रकान्याला डिफॉल्ट देऊच नये. मग न भरलेल्या जागी ‘नल’ राहतो, म्हणजे माहिती नाही. नल म्हणजे शून्य नव्हे. रकाना ‘नॉट नल’ केला तर मोजल्याशिवाय ओळच जात नाही. ते आणखी बरं.

एक बारकावा नवख्यांना फसवतो. रकान्याचं नाव हुकमात घेऊन तिथे ‘नल’ लिहिलं, तर डिफॉल्ट लागत नाही, नलच जातो. डिफॉल्ट हवा असेल तर रकाना वगळायचा, नाहीतर किमतीच्या जागी ‘डिफॉल्ट’ हाच शब्द लिहायचा.

डिफॉल्ट बदलला तरी जुन्या ओळी बदलत नाहीत. हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ केली. ‘मर्यादा’ रकान्याचा डिफॉल्ट तेव्हा १५ केला असेल, तर आधीच्या ओळींत १२ च राहणार, आणि ते बरोबरच आहे. त्या मालाला तेव्हाचाच नियम लागला होता. पण हंगाम संपल्यावर डिफॉल्ट परत फिरवायचा राहिला, तर पुढच्या ओळींतही १५ पडत राहील.

पावती हातात आली की ओलाव्याचा आकडा पाहावा. मशीन लागलंच नसेल आणि आकडा छापून आला असेल, तर तो कुठून आला हे काटा होण्याआधीच विचारावं.